खुर्चीतला खळगा

आर्डिस टॉलफ्सनला कर्जाचा मनस्वी तिटकारा. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात उधारी करण्यापेक्षा बर्फ खाऊन राहिलेलं बरं, असं मानणाऱ्या पिढीतली ती. पण नवरा लायल दुखण्याने पार खचला, त्याला बसल्या जागेवरून उठवेना, तेव्हा तिने नाक मुठीत धरून फर्निचरच्या दुकानाचं कार्ड घेतलं. बटण दाबलं की माणसाला अलगद उभं करणारी खुर्ची घरी आली. अठराशे डॉलर, अठरा महिने बिनव्याजी. तिने कॅलेंडरवर दर महिन्याच्या पाच तारखेला शंभर लिहिले आणि दर पाच तारखेला चेक टपालात टाकला. बिलाची खालची चिठ्ठी तेवढी फाडून ती चेकला जोडायची, बाकीचा कागद न वाचता केरात. ठरलेलं ठरलं, त्यात वाचायचं काय?

चौथ्या महिन्यात लायल गेला.

कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत. माती बसावी लागते, एक हिवाळा जावा लागतो. तोवर पत्र्याची एक पट्टी आणि तिच्यावर कागदावर छापलेलं नाव. दगडासाठी आर्डिस कॉफीच्या रिकाम्या डब्यात पैसे साठवत होती.

इकडे खुर्चीतला लायलचा खळगा काही भरून येईना. उलट खोल होत चालला. आणि रोज दुपारी चार वाजता, लायलच्या कॉफीच्या वेळेला, खुर्ची आपोआप घरघरत वर उठायची. आर्डिस घाबरली नाही. ती दोन कप भरू लागली.

शेजारची मार्लिस एकदा लिंबाच्या वड्या घेऊन आली असताना चार वाजले.

"अगं बाई! वायर सैल झाली असेल. पिन काढून ठेव ना!"

"काढलीये," आर्डिस म्हणाली. "फेब्रुवारीतच."

मार्लिसने हातातली वडी ताटलीत ठेवली. "आणि हा खळगा? लायल तर शेवटी काडी झाला होता."

"अंगाने भरलाय जरा. तिकडे नीट खायला मिळत असेल."

"तुझ्या सासूच्या हातचं? मग नाही हो वजन वाढायचं!" मार्लिस हसली खरी, पण कॉफी अर्धी टाकून गेली.

अठरावा चेक गेला. आर्डिसने डब्यातले पैसे मोजले, पाचशे चाळीस. दगडवाल्याची पहिली रक्कम जमली होती. आणि मग दुकानाचं बिल आलं: पाचशे पंचवीस डॉलर.

तिने दुकानाला फोन लावला.

"खुर्ची घरी पोचवण्याचे एकोणचाळीस डॉलर राहिले होते, मिसेस टॉलफ्सन," पलीकडची मुलगी म्हणाली. "मुदतीत एक डॉलर जरी राहिला, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं."

"अगं, पण अठरा महिने व्याज नव्हतंच ना!"

"होतं हो," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "फक्त मागितलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ते तिथेच होतं. दर महिन्याला वाढत होतं."

आर्डिसने सावकाश मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. चार वाजले. कसल्याशा वजनाखाली कण्हत खुर्ची वर आली. म्हणजे लायल जिवंत होता तेव्हाही हे व्याज त्याच्या मांडीखाली होतं. आणि चौदा महिने आपण कॉफी कुणाला देत होतो? तिला शिसारी आली. त्या दिवशी तिने एकच कप काढला.

दगडाचा डबा जवळजवळ रिकामा करून तिने बिल भरलं. आठवड्यात खळगा भरून आला. गादी दुकानातल्यासारखी सपाट. चार वाजले, साडेचार वाजले. खुर्ची हलली नाही. घर इतकं गप्प झालं की तिला स्वतःचा घोट गिळलेला ऐकू येई. दफनभूमीत गेली, तर पट्टीवरचं नाव उन्हाने विटून गेलं होतं. ठाऊक असलेल्यालाच वाचता यावं इतकं. ती तिथेच ओक्साबोक्शी रडली. एवढे दिवस जी सोबत होती, ती लायलची नव्हतीच.

पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानाचं पाकीट आलं. या वेळी तिने अक्षर न् अक्षर वाचलं. मागचा चेक पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज: सहा डॉलर अकरा सेंट.

तिने तिथल्या तिथे चेक लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावलं, कोट चढवला. तेवढ्यात चार वाजले आणि मागून बारीकशी घरघर आली.

गादीवर एक खळगा पडला होता. मांजर बसावं, एवढासा.

आर्डिस बराच वेळ कोट घालून उभी राहिली. त्याची भीती वाटायला हवी होती, पण तिला भीती वाटत होती ती रिकाम्या खुर्चीची. तिने चेकचं पाकीट टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला. मग कोट उतरवला आणि कपाटातून दुसरा कप काढला.