पाच लाल चिंध्या

दरवर्षी हिवाळा सरता सरता हज करून आलेली हाज्जा झहीरा पाच लाल चिंध्या घेऊन शेतात उतरे. कोबीच्या ज्या गड्ड्यांना ती चिंधी बांधी, ते कोणी कापायचे नाहीत. त्यांना फुलोरा येऊ द्यायचा, शेंगा वाळू द्यायच्या आणि ते बी पुढच्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी लावायचं.

अकरा वर्षं त्या चिंध्या तिच्या थोरल्या सुनेच्या, फिक्रियाच्या वाफ्यात बांधल्या गेल्या होत्या. कालव्याकाठच्या बायका ‘फिक्रियाचा कोबी’ म्हणून बी मागायला येत.

यंदा बांधापलीकडे धाकट्या जावेचा, इन्साफचा कोबी फिक्रियाच्या कोबीपेक्षा सरस आला होता.

“ताई, पान बघा केवढं!” इन्साफ म्हणाली. “भात भरून गुंडाळलं तर एकात मूठभर मावेल.”

“मावेल की. तोंडात मावेल का, ते बघ.”

इन्साफ खळखळून हसली. “बी तर तुमचंच ना, ताई!”

फिक्रियाला तेच झोंबलं. आपलंच बी, आणि मिरवणार ही! दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. भाकरी थापताना, बकरीची धार काढताना डोळ्यांपुढे जावेचाच वाफा येई.

गुरुवारी कालव्याच्या पाण्याची पाळी फिक्रियाची होती. इन्साफ बाजाराला गेली होती. दुपारी शेतात चिटपाखरू नव्हतं. पुरता भरलेला गड्डा एकदम पाणी प्यायला की तडकतो, हे कोबी लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. फिक्रियानं फावड्यानं बांध फोडला आणि आपलं सगळं पाणी जावेच्या वाफ्यात सोडलं. पाणी सरीसरीतून फिरलं, तेव्हा तिनं बांध पुन्हा लिंपला.

शुक्रवारी सकाळी हाज्जा आली. मागून दोघी सुना. फिक्रियानं पलीकडे नजर टाकली, तर बांधाकडचे गड्डे जसेच्या तसे! एकालाही तडा नाही.

इन्साफ मात्र मधल्या सरीत मटकन बसली. “अम्मा, माझे पाच गेले हो! पाचही फुटले!”

“बाकीचे कसे वाचले गं?” फिक्रियाच्या तोंडून निसटलं.

“ते मी मंगळवारीच पिळले, ताई. गड्डा दोन्ही हातांनी धरून जरा फिरवला की बारीक मुळं तुटतात, मग पाणी वर चढत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्हीच नाही का शिकवलंत? हे पाच तेवढे चिंधीसाठी राखले होते. मुळं दुखावलेल्यात बी कसं भरणार?” तिनं पदरानं डोळे पुसले.

म्हणजे चिंध्या पुन्हा आपल्याच वाफ्यात, फिक्रियाला वाटलं. पण क्षणभरच.

हाज्जानं खाली बसून एकेक फुटका गड्डा चाचपला, पानं मोजली, देठ दाबून पाहिला. मग कनवटीचा चाकू काढला आणि हसत परत ठेवला. चिंधी बांधल्यावर गड्ड्याच्या डोक्यावर फुलीसारखी चीर द्यायची, म्हणजे फुलांच्या दांड्याला वाट मिळते. अकरा वर्षं फिक्रियाच्या डोळ्यांदेखत हाज्जा ते करत आली होती. काल फावडं मारताना नेमकं तेच तिला आठवलं नव्हतं.

“माझं काम कोणीतरी आधीच करून ठेवलंय,” हाज्जा म्हणाली. “देठ दणकट, पान रुंद. हेच पाच.” मग तिनं मान वळवली. “काल पाळी कोणाची होती गं?”

“माझी, अम्मा.”

“मग तुझा वाफा कोरडा कसा?”

इन्साफनं चिखलाकडे पाहिलं, मग ओल्या बांधाकडे. तिचा चेहरा उतरला.

“धर चिंध्या,” हाज्जा फिक्रियाला म्हणाली. “यंदा तू बांध.”

फिक्रिया चिखलात गुडघे टेकून बसली. चार बांधल्या. पाचवी तिनं करकचून आवळली.

“सैल ठेवा, ताई,” इन्साफ मागून हळूच म्हणाली. “देठ जाड होतो. हेही तुम्हीच सांगितलं होतंत.”

फिक्रियानं गाठ सोडली आणि सैल बांधली. पान तिच्या मनगटावर टेकलं होतं. अजूनही ते तिला आपल्या पानांहून मोठंच दिसत होतं.