डब्यातली टकटक

शकुंतला सात रस्त्याजवळच्या एका विमा कचेरीत टायपिस्ट होती. रविवारी ती एका वाद्यवृंदात गिटार वाजवायची, मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती. तिचे यजमान नारायणराव शाळेत विज्ञान शिकवत. गिटारच्या सुराला थरथर आणणारं यंत्र सोलापुरात मिळत नव्हतं, म्हणून चौऱ्याहत्तरच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी ते घरीच बनवलं. पत्र्याचा डबा, वर पायानं दाबायची कळ आणि वेगाचं बटण, आत बॅटरी आणि टॉर्चचा बल्ब. बल्ब लुकलुकला की त्या तालात गिटारचा आवाज कमीजास्त व्हायचा.

सूर छान थरथरायचा. पण त्याच्याखाली सारखी टकटक ऐकू यायची.

नारायणरावांनी बॅटरी बदलली, स्पीकर बदलला. शेवटी, गिरणीमुळे आपल्या भागातली वीजच खराब येते, असं ठरवून त्यांनी विषय मिटवला. शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका तालमीत मात्र तबला वाजवणाऱ्या वेणीमाधवनं वाजवता वाजवता हात थांबवला आणि हा दुसरा ताल कोण धरतंय, असं विचारलं. सगळे हसले. शकुंतलेनं घरी येऊन सांगितलं, तर नारायणराव म्हणाले, "गाण्यात कुणाला ऐकू येत नाही. तू कान लावून बसतेस, म्हणून येतं."



शनिवारी कचेरी अर्धा दिवस होती. नारायणराव शाळेतून यायचे होते. तिनं डब्यातून गिटारची वायर काढून टाकली. टकटक चालूच. वेगाचं बटण फिरवलं, तशी टकटकही भरभर व्हायला लागली. म्हणजे दोष गिरणीचा नव्हता, तिच्या कानांचाही नव्हता. डबा पिशवीत घालून ती भवानी पेठेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रुद्रप्पाकडे गेली.

रुद्रप्पा मूळचा दुधनीचा; नारायणराव सुटे भाग त्याच्याकडूनच नेत. त्यानं डबा उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर एका काळ्या वायरीवर बोट दाखवावं तसा टेकवला.

"बल्बचा करंट आन् गिटारचा आवाज, दोन्ही ह्या एकाच वायरीनं माघारी जात्यात. बल्ब पेटला की वायरीला हिसका बसतो. त्योच तुमाला ऐकू येतो."

आत्ताच करून द्या, असं ती म्हणाली. त्यानं वायरी जोडायचं तापलेलं सोल्डरिंग उचललंही. मग विचारलं, "मास्तरास्नी ठावं हाय का, तुमी हितं आलाय ते?"

ती नाही म्हणाली. त्यानं सोल्डरिंग परत ठेवलं.

"मग त्यांच्याच हातनं होऊ द्या, बाई. लई नेटकं काम हाय त्यांचं. चूक एकाच वायरीची हाय की."

घरी तिनं सगळं सरळ सांगितलं. नारायणरावांचा चेहरा उतरला.

"मला न सांगता डबा उघडलास?"

"तुम्ही दोष माझ्या कानांवर ढकललात. मी आणखी काय करणार होते?"



रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच डबा काढला आणि वायर धरायला तिला बोलावलं. बल्बची वायर सोडवून त्यांनी ती वेगळी थेट बॅटरीपर्यंत नेली. टकटक बरीच मंदावली, पण गेली नाही. शकुंतलेनं स्पीकरजवळ बसून ऐकलं. नारायणराव पेन्सिलीनं आतल्या वायरी एकेक सरकवत गेले. बल्बची वायर गिटारच्या वायरीपासून लांब गेली, तेव्हा ती म्हणाली, "तिथंच धरा." त्यांनी ती दोऱ्यानं तिथंच बांधली.

"आता?"

"वेग फार वाढवला तर अजून थोडी येते."

त्यांनी बटण फिरवून स्वतः ऐकलं. "येते खरी," ते म्हणाले. "परवा बोललो ते चुकलंच माझं."

संध्याकाळच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच आले आणि तिसऱ्या रांगेत बसले. शकुंतलेनं दोन संथ गाण्यांना डबा वापरला. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. परतताना टांग्यात त्यांनी विचारलं, दुसऱ्या गाण्यात कळेवरून पाय लवकर का काढलास. शेवटची ओळ साधी, थरथरीशिवाय हवी होती, ती म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, कळ दाबायला जड जाते का. किंचित जाते, असं तिनं सांगितलं. मग पुढच्या रविवारी दोघं मिळून तीही बघू, ते म्हणाले.