विभूती देणारी भिंत

"भिंतीनं परसाद देल्ला!" कोणीतरी ओरडलं आणि भातकुलीजवळच्या त्या गावातली गर्दी समाधिमंदिरात घुसली. जुन्या भिंतीवर कमरेच्या उंचीला पांढरी भुकटी फुलली होती. पुंजाराम महाराज ती मोरपिसाने झाडून पुड्या बांधत होते.

"समाधीतल्या बाबाचा श्वास हाय हा! पोटात घ्या, गोया-इंजेक्शन फेका!"

जुन्या इमारतींचा चुना तपासून, दुरुस्तीसाठी तसाच चुना पुन्हा बनवायचा, हे माझं काम. त्यासाठी नमुने घ्यायला मी आले होते. रांगेत खुशालराव बसले होते. पाय सुजलेले, बोलताना धाप.

त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी माझा हात धरला. "मॅडम, यायच्या किडन्या गेल्या. अमरावतीले मशीनवर न्या लागते. पन महाराजानं मशीन सोडाले लावलं. तुमी तरी सांगा."

माझं डोकं फिरलं.

"महाराज, विभूती म्हणजे राख ना?" मी चिमूटभर भुकटी पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळली. ती दिसेनाशी झाली. "राख अशी विरघळते?"

"पाह्यलं? बाबा पान्यात उतरले!" पुंजाराम गरजला. गर्दीने जयजयकार केला.

मी अभिषेकाच्या बादलीतलं बोअरचं पाणी मागून घेतलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर ताटलीत आटवायला ठेवलं. लोक हसत होते. पाणी आटलं. ताटलीत पांढरा थर उरला. ती घेऊन मी परत भिंतीपाशी आले.

"पार्वताबाई, उन्हाळ्यात तुमच्या वावरात असं पांढरं काय येतं?"

"खार, बाप्पा. खारपानपट्टा हाय आमचा. त्यानंच तर जमीन खाल्ली."

हसणं थांबलं.

"भिंतीवर तेच आहे, जमिनीतलं आणि पाण्यातलं मीठ. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. दुरुस्तीच्या नावाखाली खालच्या भागाला सिमेंट थापलं, तिथली वाट बंद झाली. ओल वर चढते, सिमेंट संपतं तिथे सुकते आणि खार बाहेर टाकते. रोजच्या अभिषेकाने तुम्हीच भिंतीला खारं पाणी पाजता. हा खार आतला चुना फोडतो आहे. भिंत प्रसन्न नाही, आजारी आहे. हे सिमेंट कोणी थापलं?"

सगळ्यांच्या माना पुंजारामकडे वळल्या. महाराज होण्याआधी तो ठेकेदार होता.

"देवाच्या कामात बाईमानसानं..." तो पुटपुटला.

"तुमचं काम बिघडलं, त्याचा तुम्ही देव केला. आणि किडन्यांमुळे मीठ बंद असलेल्या माणसाला रोज खार चारलात! हा माणूस मेला असता तर काय सांगणार होतात? बाबांनी बोलावलं?"

खुशालराव भिंतीला धरून उठले. "पुंज्या, पयल्या दिवशीच मले खारट लागली होती. म्या म्हनलं, देवाची चव अशीच असन." हातातली पुडी त्यांनी त्याच्या पायाशी फेकली. "पार्वते, ऑटो बोलाव. मशीनवर जाऊ."

पार्वताबाई पदराने डोळे पुसत धावल्या.

पुंजारामवर कायद्याने कारवाई व्हायलाच हवी, तक्रार मी दिली आहे. पण माझा राग त्याच्यापाशी संपत नाही. वावरातल्या खाराला शिव्या देणारं अख्खं गाव तोच खार देवळात दिसताच हात जोडून उभं राहिलं. कोणी चव घेतली नाही असं नाही; घेतली आणि गप्प बसले. खारट लागलं तर खारट म्हणा. मोठ्याने म्हणा. तुमच्या शेजारी एखादा आजारी माणूस रांगेत बसलेला असतो.