काचेची डावी कड

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे मित्रांनो, आणि सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

भिंगं घासणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं, पण माझा सगळा जन्म गेला तो या माकडांच्या प्रयोगशाळेत. माकडांच्या विष्ठेत पट्टकृमीची अंडी शोधायची, हे माझं काम. नाक मुरडू नका. हा चपटा जंत आतड्यात ठाण मांडतो, आणि त्याची अंडी पोटात गेली की दुसऱ्या माकडालाही लागतो. विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवली की अंडी वर तरंगतात, काचेला चिकटतात आणि माझ्या भिंगाखाली सापडतात.

आधीच्या डॉक्टरबाई माझ्यावर सांडलेलं ते खारं पाणी रोज स्वतः पुसायच्या. "याच्या जिवावर मी निर्धास्त असते," म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि माझे हाल सुरू झाले. मीठ साचत गेलं, काच सरकवायचा स्क्रू गंजला. आता काच अर्ध्यावर येऊन अडते.

आज ठमी नावाच्या माकडिणीला पिल्लांच्या खोलीत हलवायचं होतं. तपासनीस ताईंनी तिची काच पाहिली आणि कागदावर लिहिलं, अंडी नाहीत. पिंजरे सांभाळणारे मामा मात्र दारातून हलेनात.

"ताई, ती खाते भरपूर, पण अंगाला काही लागत नाही. पुन्हा बघता का?"

"मामा, दोनदा बघितलं हो."

"सगळी काच?"

ताई जरा घुटमळल्या. "डावीकडची कड येत नाही. स्क्रू अडकतो. पण तेवढ्याशा कडेत काय असणार?"

कडेत काय होतं ते मलाही दिसत नव्हतं, म्हणून तर मी कासावीस झालो होतो. ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

शेवटी मामांचं मन राखायला ताईंनी काच धरून ठेवणारा चिमटा सोडवला आणि काच बोटाने ढकलली. तिथे एक गोल अंडं होतं, आत हुकांसारखे सहा बारीक काटे, म्हणजे पट्टकृमीचंच. शेजारी आणखी दोन.

ठमी वाचली, तिला औषध मिळेल. पिल्लंही वाचली, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात ताई खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मामा, या महिन्यात पाच माकडं पिल्लांकडे गेली. त्यांच्याही काचा मी अशाच बघितल्यात."

मित्रांनो, माझं कौतुक नको. काम झालं की मला फक्त पुसत जा.

आता ताई ओल्या फडक्याने माझं मीठ काढत आहेत. मामा विष्ठेच्या नमुन्यांसाठी पाच डब्या घेऊन पिल्लांच्या खोलीकडे गेले आहेत, आणि अजून परतलेले नाहीत.