लायलची शिट्टी

“साहेबलोकांसमोर ‘मुतलो’ म्हणू, का ‘लघवी केली’ म्हणू?” लायलने मला विचारलं.

मी तव्यावर अंडी फोडत होते. रेसकोर्सच्या मागच्या अंगाला, तबेल्यांना लागून माझी खानावळ आहे. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, शर्यतीची दुचाकी गाडी हाकणारे, नालबंद, सगळे सकाळी माझ्याकडेच खातात. त्या दिवशी साक्ष द्यायची म्हणून लायल इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि गळ्यात नालबंद बर्टकडून उसना आणलेला टाय होता.

“लघवी म्हण,” मी म्हटलं. “आणि टोपी काढून बोल.”

“लघवी,” त्याने जीभ वळवून पाहिली. “जन्मात कधी म्हटलं नाही गं, अर्लीन.”

“नैसर्गिक विधी म्हण,” बर्ट पलीकडून ओरडला. “वकिलांना तसलंच आवडतं!”

सगळे हसले. लायलही हसला, पण अंड्यांना त्याने हात लावला नाही.

विनोदाची वेळ नव्हतीच ती. लायल रोंडा फिचच्या तबेल्यात मोतद्दार होता, तिच्या बापाच्या काळापासून. तबेल्याच्या टोकाला जिथे साज टांगतात त्या खोलीत त्याची खाट होती, आणि दुसरं घर त्याला नव्हतं. रोंडाकडे मोजकीच घोडी. त्यांतली टिली नावाची तपकिरी घोडी तेवढी जिंकणारी, बाकीची नुसती खाणारी. पानगळीत टिलीने एक चांगली शर्यत मारली आणि तिथेच माशी शिंकली. जिंकलेल्या घोड्याचं मूत तपासायला राज्याचं शर्यत मंडळ नेतं. टिलीच्या मुतात दुखण्यावरचं औषध सापडलं, तेही माणसाचं.

आमच्याकडचा कायदा एका ओळीचा आहे. घोड्याच्या पोटात जे सापडेल त्याला ट्रेनर जबाबदार. कुणी घातलं, कसं गेलं, हे कुणी विचारत नाही. रोंडावर वर्षाची बंदी येणार होती. वर्षभर ट्रेनर नाही म्हणजे तबेला रिकामा, आणि पहिली विकली जाणार ती टिली.

रोंडाने त्या औषधाचं नाव माझ्या खानावळीत मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा लायलचा सुपातला चमचा तिथेच राहिला.

“ते तर मी घेतो,” तो म्हणाला. “कमरेसाठी.”

घोडं कुठे पेंड खातंय ते मग सगळ्यांनाच कळलं. शर्यतीच्या गाडीला जुंपतात त्या घोड्याला शिट्टीवर मुतायला शिकवावं लागतं. शर्यतीनंतर सरकारी माणूस दांड्याला कप बांधून मागे उभा असतो आणि त्याचं काम झाल्याशिवाय घोड्याला सोडत नाही. म्हणून शिंगरू असल्यापासून, ते मुतायला लागलं की मोतद्दार शिट्टी वाजवतो. पुढे नुसत्या शिट्टीवर काम होतं. लायलची शिट्टी लांब होती आणि शेवटाला उतरत जायची.

आता लायलचं वय झालेलं. रात्री चार-चार वेळा उठायचा. तबेल्यांजवळच्या संडासाचा नळ गोठून फुटला, तेव्हापासून त्याला जे कुलूप लागलं ते लागलंच. दुसरा संडास रेसकोर्सच्याच कॅसिनोच्या इमारतीत, गाड्यांचं अख्खं मैदान ओलांडून. मग म्हातारा काय करणार? सगळे मोतद्दार करतात तेच. ठाणाचं दार ओढून घ्यायचं आणि कोपऱ्यातल्या पेंढ्यात उरकायचं. लायल सवयीने शिट्टीही वाजवायचा, म्हणजे त्याचं आणि टिलीचं एकदमच व्हायचं. टिली मेली अधाशी. चारा संपला की अंथरलेला पेंढासुद्धा चघळायची.

रोंडाला हे मंडळापुढे आणायचंच नव्हतं.

“तू गप्प बसायचं, लायल,” ती म्हणाली. “मी काढीन वर्ष. चारचौघांत तुझी शोभा करून घ्यायची नाही मला.”

“आणि घोडी कुठे ठेवशील पोरी? डोक्यावर?”

“ते माझं मी बघीन.”

“तुझ्या बापाने तुला पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिली, तेव्हा तू काय केलंस? मी कुणाकडे तक्रार केली का? मग आता माझं चारचौघांत निघालं तर निघू दे.”

रोंडा हसता हसता रडायला लागली. मी दोघांपुढे ॲपल पाय ठेवला. कालचाच. पण लायलला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

सुनावणी कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर होती. खालून जुगाराच्या मशीनची टिंगटिंग सारखी वर येत होती. मंडळाचे तिघं लांब टेबलामागे बसलेले, मध्ये अध्यक्षबाई, बाजूला मंडळाचा तरुण वकील. मी खानावळ बंद ठेवून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

आधी डेनिंगचं प्रकरण निघालं. डेनिंग बडा ट्रेनर, त्याचे घोडे इथे आहेत आणि शेजारच्या दोन राज्यांत आहेत. त्याच्या घोड्याच्या रक्तात सापडलं ते कुणाच्या कमरेचं औषध नव्हतं, ते घोडा मरेस्तोवर पळावा म्हणूनच देतात. त्याचा वकील उठला, कागदपत्रांना वेळ हवा म्हणाला, आणि मंडळाने वसंतातली तारीख दिली. डेनिंग आमच्याकडे बघून हात हलवून गेला आणि संध्याकाळी त्याचे दोन घोडे शर्यतीत पळालेसुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी खुर्चीवर बसून पाहिलं.

मग लायलला उभं केलं. त्याने टोपी काढली.

“त्या पेंढ्यात मी लघवी केली, बाईसाहेब. मी गोळ्या घेतो. घोडीने पेंढा खाल्ला. रोंडाला यातलं काही ठाऊक नव्हतं.”

“एकदाच केलीत?” वकिलाने विचारलं.

“नाही साहेब.”

“मग किती वेळा?”

“रोजचंच ते. रात्रीचं जास्त.”

कुणीतरी खुदकन हसलं. वकिलाने खाली मान घालून कागद उलटसुलट केले, पण त्याचे खांदे हलत होते. लायलने टोपी पिळून पिळून तिचा बोळा केला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांचं शेण काढलं, त्याला पहिल्यांदाच मी लाजताना पाहत होते. माझा जीव नुसता जळत होता.

“तिथे स्वच्छतागृह नाही का?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आहेत ना मॅडम, दोन आहेत,” रेसकोर्सचा मॅनेजर तत्परतेने म्हणाला.

“एकाला कुलूप आहे,” लायल म्हणाला. “दुसऱ्याच्या दारावर पाटी आहे.”

“कसली पाटी?”

“आम्ही आत यायचं नाही अशी.”

“शेणाच्या बुटांबद्दल आहे ती,” मॅनेजर म्हणाला. “स्वच्छतेच्या दृष्टीने.”

मला राहवलं नाही. उठले मी. “अहो, तुमचाच तपासनीस उन्हाळ्यात आला होता! तबेल्यातली एकूण एक पेटी उपसून इंजेक्शनच्या सुया शोधल्या त्याने. संडासाचं ते कुलूप मी त्याला बोट करून दाखवलं. तो म्हणाला, संडास माझ्या खात्यात येत नाही! आणि वर माझं घेवड्याचं सूप दोनदा पिऊन गेला!”

“बाई, तुमची साक्ष नाहीये. खाली बसा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

बसले. आणखी काय करणार?

दुपारी निकाल आला. लायलने खरं सांगितलं म्हणून रोंडाची बंदी वर्षावरून महिन्यावर आणली. रोंडाने लायलचा हात घट्ट धरला, आणि मी खुळ्यासारखी टाळ्या वाजवायला निघाले होते. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी पुढचं पान उलटलं.

मोतद्दारालाही राज्याचं लायसन असतं, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. ठाणात माणसाचं औषध जाऊ दिल्याचं लायलने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, म्हणून त्याचं लायसन रद्द. संध्याकाळच्या आत त्याने आवार सोडायचं. शर्यतीच्या कुठल्याही घोड्याशी पुन्हा संपर्क ठेवायचा नाही.

“अहो, पण तो आत राहतो!” रोंडा ओरडली. “घर आहे त्याचं ते!”

“राहण्याची सोय हा या मंडळाचा विषय नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, आणि तेच मला जास्त झोंबलं. ओरडल्या असत्या तर मलाही उलटून ओरडता आलं असतं.

लायल मात्र भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “घोडीला सांगून येऊ का?”

अध्यक्षबाईंना कळलंच नाही. त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकील आता हसत नव्हता.

“संपर्क म्हणजे संपर्क,” तो म्हणाला.

पहारेकरी त्याला सामान घ्यायला घेऊन गेला. त्याने गोधडी, रेडिओ, एक तवा आणि घोडीला चोळायचा खरारा असं एका गोणीत भरलं. खरारा रोंडाचा होता, पण तो त्याने घेतला, आणि पहारेकऱ्यानेही पाहून न पाहिल्यासारखं केलं. पावलं ओळखून टिलीने दारातून मान बाहेर काढली आणि खिंकाळली. पहारेकरी मध्ये उभा राहिला. रोज माझ्याकडे खाणारा पोरगा, त्याला वर बघवेना. लायल तोंड फिरवून तिच्यासमोरून निघून गेला.

“तिच्याकडे बघितलं असतं तर दार मोडलं असतं तिने,” तो मला फाटकाशी म्हणाला. “पाय दुखवून घेतला असता उगाच.”

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या हुकमाने तबेल्यांच्या मधोमध निळा प्लास्टिकचा संडास येऊन उभा राहिला. मोतद्दारांनी त्याचं नाव ठेवलं लायल. “जरा लायलकडे जाऊन येतो” म्हणायचे आणि हसायचे. मी एकाच्या अंगावर पळीभर ऊन कॉफी टाकली, तेव्हा निदान माझ्यासमोर तरी बंद झालं.

रोंडा आपल्या घरी चल म्हणून त्याच्या मागे लागली होती. तो गेला नाही. “तुझ्याकडे शर्यतीचा भोंगा ऐकू येत नाही,” म्हणाला. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर टायरचं दुकान आहे, त्याच्या माडीवर त्याने खोली घेतली. शर्यती असल्या की कुंपणाबाहेर बादली पालथी घालून बसायचा. कायद्याचा हात कुंपणापर्यंतच पोचत होता.

बर्फ वितळायच्या सुमारास टिली पुन्हा जिंकली. दुपारची शर्यत होती. घोड्यांचं मूत घेतात ते ठाण अगदी कुंपणाला लागून आहे. सरकारी माणूस वेंडेल तिथे दिवसभर थंडीत उभा असतो, म्हणून मी त्याला कॉफी नेऊन देते. मी गेले तेव्हा वेंडेल कपाचा दांडा धरून शिट्ट्या घालत होता. रोंडाचा नवा मोतद्दार फ्लॉइडही घालत होता. दोघांचे ओठ फाटले, पण टिली ढिम्म. भिंतीकडे तोंड करून नुसती उभी.

“हिच्या मायला,” वेंडेल म्हणाला. “मुतल्याशिवाय हिला सोडता येत नाही, आणि बक्षीसही सुटत नाही.”

“मला काय सांगता?” फ्लॉइड वैतागला. “मी काय तिच्या पोटात शिरू?”

तेवढ्यात कुंपणाबाहेरून शिट्टी आली. लांब, शेवटाला उतरत जाणारी.

टिलीचे कान ताठ झाले. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, मग मागचे पाय फाकवले, आणि वेंडेलने धावपळ करून दांडा पुढे केला.

लायसन गेलेल्या माणसाने असं काही केलं तर वरती कळवायचं, हे वेंडेलचं कामच होतं. त्याने मुकाट्याने दोन बाटल्या भरल्या, सील लावलं, फ्लॉइडची सही घेतली. कपात थोडं उरलं होतं.

“वेंडेल,” बाहेरून लायलचा आवाज आला. “रंग कसा आहे रे? मागल्या थंडीत गढूळ व्हायचं तिचं.”

नमुन्याबद्दल बाहेरच्या माणसाशी एक शब्द बोलायची वेंडेलला मनाई आहे. त्याने कप उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही, फ्लॉइडकडेही नाही. मग तो दाराबाहेर गेला आणि कुंपणाकडे तोंड करून त्याने कप उन्हात वर धरला, हात पुरेल तेवढा उंच.

लायल तारेला गाल लावून बराच वेळ बघत राहिला.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “पाणी पीत असेल नीट.”

मग त्याने बादली उचलली आणि रस्ता ओलांडून गेला.