सॅटर्न मंद का पळाली

माझा धाकटा भाऊ राकेश गोड बोलायला लागला की मी आधी सावध होते. त्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, ताई, उगाच भांडण नको, दोन्ही मशिनी शेजारीशेजारी लावू, एकच खेळ पळवू आणि जी हरेल ती विकून टाकू. इतका शहाणपणा त्याला सुचला कसा, हे काही माझ्या गळी उतरेना.

अठ्ठ्याण्णव साल होतं. देवळाली कॅम्पच्या बाजारात आमचं दोघांचं व्हिडिओ गेमचं दुकान. दुकान कसलं, दोन टीव्ही आणि चार स्टुलं मावतील एवढी खोली. खेळायच्या मशिनी दोनच, त्याचं प्लेस्टेशन आणि माझी सॅटर्न. ती मी शिकवण्या घेऊन, मन मारून, मुंबईहून आणली होती. ती गेली की दुकानात मी नुसती पोरांना गप्प बसवायला उरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पंच म्हणून शेजारच्या सावळीरामकाकांना बोलावलं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. अर्ध्या कॅम्पाला क्लच सोडायला शिकवलेला माणूस, तेव्हा मोटारींच्या शर्यतीतलं त्यांनाच कळणार, असं आम्ही दोघंही धरून चाललो. खेळ सुरू झाला. प्लेस्टेशनवरची गाडी सुसाट. माझ्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आणि गाडी अशी रेंगाळतेय जणू पुढे लग्नाची वरात आहे. काका म्हणाले, पोरी, हिचा हँडब्रेक काढायचा राहिलाय बघ. जमलेली पोरं फिदीफिदी हसली. राकेश मात्र हसला नाही. एरवी माझ्या फजितीवर पहिला दात काढणारा हाच. तिथेच मी ओळखलं.

मी टीव्हींची अदलाबदल करायला लावली. मंदपणा सॅटर्नबरोबर गेला. वायरी बदलल्या, तरी तेच. मग मशीन उलटी केली. मागे मुंबईच्या कारागिराने एक बारकी कळ बसवून दिली होती. एका बाजूला सरकवली की खेळ अमेरिकेतल्या वेगाने पळतो, दुसऱ्या बाजूला सरकवली की युरोपातल्या, म्हणजे मंद आणि पट्ट्यांसकट. पोरांचा हात लागू नये म्हणून मी तिच्यावर खाकी चिकटपट्टी लावली होती. आता तिथे पांढरी पट्टी होती, कोरी करकरीत, आणि कळ दुसऱ्या बाजूला.

राकेश स्टूल पुसायला लागला. जन्मात कधी फडकं हातात न धरलेला माणूस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चारचौघांत तमाशा नको होता. कळ सरकवली आणि शर्यत पुन्हा लावली.

पट्ट्या गेल्या, गाडी धावली. माझा जीव भांड्यात पडला, पण पहिल्या वळणापर्यंतच. त्याच्या पडद्यावर धूर खराखुरा, आरपार दिसणारा. माझ्याकडे धुराच्या जागी बारीक जाळी, डासांसाठी खिडकीला लावतात तशी. तीनचार गाड्या एकत्र आल्या की माझी अडखळायची, त्याची नाही. काकांनी दोन्हीकडे नीट पाहिलं आणि जरा ओशाळूनच प्लेस्टेशनकडे बोट केलं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "सरळ खेळूनही तूच जिंकत होतास. मग कळ का सरकवलीस?"

"थोडक्यात हरली असतीस तर तू मानलंच नसतंस, ताई."

मेला खरंच बोलत होता. मी मानलंच नसतं. पण तो बोलत असताना माझा हात त्याच्या प्लेस्टेशनच्या मागून फिरत होता, ही दुसरी शर्यत तरी खरी होती का ते चाचपत. तिथे काहीच नव्हतं. तरी मी परत चाचपलं, आणि मला रडू फुटलं.

सॅटर्न मी सिन्नरच्या एका गिऱ्हाइकाला विकली, ठरल्याप्रमाणे. मग राकेशला सांगितलं की उद्यापासून दुकान तुझं तू बघ. तो घाबरला, एका मशिनीपायी कुणी दुकान सोडतं का म्हणाला.

"मशीन हरली ते मानलं रे," मी म्हटलं. "पण रोज एका खोलीत बसून तुझ्या हातांवर लक्ष ठेवणं मला जमायचं नाही."