चिंचबेटावर चौघं

तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, म्हणून शालनने अंगणातला एक दगड चौथा म्हणून घरात आणला आणि त्याच संध्याकाळी दगडाने चहा मागितला. बिनसाखरेचा. एरवी घरातला चहा शालनच करायची, पण पाहुण्यासाठी तिची भावजय सुलभा स्वतः उठली.

रीत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिघं निघाले की पिशवीत एक खडा टाकायचा, की झाले चार. खडा पुरला असता हो! पण शालनला कुठलंच काम अर्धवट केलेलं खपायचं नाही. तिने चांगला नारळाएवढा दगड निवडला, धुतला, पदराने पुसला, पाटावर ठेवला. आता पाटावर बसवलेल्याला चहा नको कसं म्हणणार?

सहल तिचीच. नदीतल्या चिंचबेटावर एक दिवस जायचं, कुठल्या कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. सकाळच्या एसटीने घाटापर्यंत, तिथून नाव, बेटावर चूल मांडून खिचडी आणि उन्हं कलायच्या आत परत. जन्मभर भावाच्या संसारात राबलेल्या त्या बाईचं मागणं एवढंच होतं.

"त्या दिवशी मी चिंचेखाली बसणार. खिचडी तुम्ही करायची. मी उठणार नाही म्हणजे नाही."

"बरं ताई, नको उठूस," धाकटा भाऊ दिगंबर म्हणाला.

नावाड्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बेटावर निस्ता गाळ हाय. दगूड एक गावायचा न्हाई. चुलीचं दगूड घरनंच आणा."

"अंगणात दोन उरलेत," दिगंबर म्हणाला. "तिसरा आहेच घरात."

"अहो, हळू बोला की! पाहुण्यांना काय वाटेल?" सुलभाने त्याला डोळ्यांनी दटावलं.

पाहुणे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची शालनची. दुपारी पाय वर घेऊन ती तिथेच टेकायची. आता ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि उठताना तिच्या टाचा दगडाच्या झाल्या होत्या.

मग तिचा कप पाहुण्यांकडे गेला, तशी तिची बोटं एकमेकांना चिकटली. गोधडी गेली आणि पोटऱ्या टणक झाल्या. पाहुण्यांच्या गालांवर मात्र लाली आली, नाकाला शेंडा आला. ते खाकरू लागले, पेपर मागू लागले, भाजीला नावं ठेवू लागले. शालनचा कोपर ओट्याला लागून खणकन वाजला.

"बरंच झालं की वन्सं," सुलभा म्हणाली. "सांध्यांचं दुखणं तरी गेलं."

शालनचा असा जळफळाट झाला की भांडी आदळावीत. पण हात वळेनात.

"दिगू, राहू दे ती सहल," ती म्हणाली.

"आता गं? तुझ्यासाठीच तर चाललोय सगळे."

हे मात्र खरं होतं. तिने मनाची समजूत घातली. मेलं काय व्हायचं ते होवो, एकदा चिंचेखाली बसले की झालं.

निघायच्या सकाळी सुलभाने सगळ्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली. शालनचा तळवा उघडेना, म्हणून तिची वाटणी पाहुण्यांनी चाटून घेतली. एव्हाना शालन नारळाएवढीच उरली होती. दिगंबरने तिला दोन्ही हातांनी उचललं. "काय जड झालीयस गं ताई," तो वैतागून म्हणाला आणि तिला चुलीच्या दगडांबरोबर गोणपाटात घातलं. तिने हाक मारली. गोणपाटातून ती कुणाला ऐकू आली नाही.

घाटावर नावाड्याने माणसं मोजली.

"तिघं व्हय? मग दगूड घेतलासा न्हवं संगं?"

"घेतलाय की," दिगंबर म्हणाला. "रीत मोडून कसं चालेल?"

पाहुणे पुढच्या फळीवर ऐसपैस बसले, सुलभाने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. गोणपाट तळाशी, साचलेल्या पाण्यात.

बेटावर चिंच होती. अगदी तिने मनात धरली होती तशी, नदीकडे झुकलेली, सावलीला गार. सुलभाने दोन दगड मांडले आणि त्यांना जोडून शालनला ठेवलं. ती डुगडुगत होती, तेव्हा दिगंबरने पायाने दाबून तिला गाळात पक्कं बसवलं. समोर पाणी चमकत होतं. अंगावरून वारा गेला. आणि काय सांगावं, तिला खरंच बरं वाटलं. पोचले बाई एकदाची, असं तिच्या मनात आलं.

"मीठ बेतानं घाला," पाहुणे म्हणाले.

दिगंबरने काटक्या आत सरकवल्या. सुलभाने भरलेलं पातेलं तिघांच्या डोक्यावर टेकवलं, हलवून पाहिलं. पातेलं जरासुद्धा हललं नाही.

"बसा हं वन्सं निवांत," ती म्हणाली. "आज अजिबात उठायचं नाही."

दिगंबरने काडी ओढली.